कीबोर्डवर न दिसणारी अक्षरं: ऱ्य, ॲ, जर्मन टिंबं आणि रोमन लिपीतलं संस्कृत

पुणे_तीस (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी मुद्रितशोधन करते, जोडीला पुस्तकांच्या शब्दसूची. सध्या हातात असलेल्या पुस्तकात मराठी मजकूर, मधे मधे जर्मन आडनावं आणि तळटीपांमध्ये रोमन लिपीतली संस्कृत वचनं असा तिहेरी ऐवज आहे. प्रकरणं वेगवेगळ्या लोकांनी टाईप केली आहेत. सूचीसाठी ‘कऱ्हाड’ शोधायला घेतलं, तर काही प्रकरणांत पटापट सापडलं आणि काहींत एकदाही नाही. पान उघडून बघावं तर शब्द समोर स्वच्छ दिसतोय. मग खोलात शिरले, आणि जे कळलं ते इथे लिहून ठेवते. मराठीत संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ऱ्य आणि ऱ्ह मधला तो आडवा अर्धा र दोन रस्त्यांनी येतो. एक म्हणजे टिंबवाला ऱ, त्याला हलन्त, पुढे य. युनिकोड म्हणजे संगणकासाठी सगळ्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक; त्यात या ऱ ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. दुसरा रस्ता म्हणजे साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह (त्याचा क्रमांक २००डी) आणि मग य. कागदावर दोन्ही एकच. संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून एक शोधला की दुसरा हाती लागत नाही.

आपल्या फाईलमध्ये कुठला प्रकार आहे ते बघायची सोपी युक्ती: ‘दुसऱ्या’ शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवा आणि बॅकस्पेसने एकेक पायरी मागे या. आधी काना जाईल, मग य, मग हलन्त. शेवटी टिंबवाला ऱ उरला तर पहिला प्रकार. मधे एक बॅकस्पेस जोडचिन्ह पुसण्यात जाऊन शेवटी साधा र उरला, तर दुसरा.

ॲ ची गत अशीच. ॲ हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली आलं, क्रमांक ०९७२. त्याआधी सगळे अ टाईप करून त्यावर चंद्र चढवायचे, आणि बरेच जण आजही तसंच करतात. शिवाय हिंदी कळफलकावरून येणारा ऍ आहेच. तीन वेगळ्या नोंदी, उच्चार एक. ‘बँक’ मध्येही कुणी चंद्रबिंदू देतं, कुणी चंद्र आणि वर वेगळा अनुस्वार.

माझी पद्धत: इनस्क्रिप्टवर (भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कळफलकावर) शिफ्ट-जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग प्रश्नचिन्हाच्या कळेवरचा य. बोटांना सवय झाली की विचारही करावा लागत नाही. ॲ साठी वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत ०९७२ लिहून लगेच ऑल्ट-एक्स दाबते, आकड्याच्या जागी अक्षर येतं.

मराठीचं असं निभतं. अडतं ते रोमनमध्ये. यू वरची दोन टिंबं, ई वरची तिरकी रेघ, संस्कृतसाठी ए वरची आडवी रेघ, टी-डी-एस खालचं टिंब. डेस्कटॉपवर ऑल्ट धरून नंबर पॅडवर आकडे मारते, पण लॅपटॉपला नंबर पॅडच नाही. तुम्ही सगळे काय करता? नुसतं ‘कॉपी-पेस्ट’ सांगू नका, पानापानाला दहा अक्षरं असतात.

---

डीटीपी_अप्पा_बळवंत

ताई, फार चांगला धागा. अप्पा बळवंत चौकात बरीच वर्षं डीटीपी करतोय, त्यामुळे या दोन्ही प्रश्नांचं जुनं नातं सांगतो.

युनिकोड हाताशी नव्हतं तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांकच नव्हते. संगणक समजायचा की आपण रोमन लिहितोय, फॉन्ट फक्त वरचं चित्र मराठी दाखवायचा. एकूण जागा २५६. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर क, ख, ग बसले. पण जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, उकार हे सगळं कुठे ठेवणार? ते गेलं १२८ च्या पुढच्या जागांवर, आणि तिथे मुळात युरोपातल्या भाषांची टिंबं-टोप्यांची अक्षरं राहत होती. म्हणून जुनी मराठी फाईल फॉन्टशिवाय उघडली की फ्रेंच-जर्मनसारख्या दिसणाऱ्या अक्षरांची भेळ दिसते.

आमच्या पिढीतल्या ऑपरेटर मंडळींना ऑल्टचे आकडे तोंडपाठ असायचे ते याचमुळे. ऑल्ट आणि शून्याने सुरू होणारे चार आकडे मारले की हवं ते जोडाक्षर. तोच आकडा इंग्रजी फॉन्टमध्ये मारला की टिंबवाला यू. एखाद्या पुस्तकात जर्मन नाव आलं आणि त्या शब्दाचा फॉन्ट बदलायचा राहिला, तर नावाच्या मधोमध मराठी जोडाक्षर छापलं जायचं. प्रूफ बघणाऱ्याला कळायचंच नाही हे आलं कुठून.

तुमच्या प्रकरणांपैकी एखादं जुन्या फॉन्टमधून रूपांतर करून आलं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आडव्या र साठी बऱ्याचदा अदृश्य जोडचिन्हाचा रस्ता धरतात. आणि मजकुरातली खरी जर्मन अक्षरं त्या धबडग्यात मराठी होऊन बसतात. मूळ कागदाशी ताडल्याशिवाय ती सापडत नाहीत.

ऑल्टच्या आकड्यांबद्दल एक खुलासा, कारण यात खूप घोळ होतो. ई वर तिरकी रेघ हवी तर ऑल्ट १३० चालतं आणि ऑल्ट ०२३३ पण चालतं. पुढे शून्य नसेल तर डॉसच्या जमान्यातली जुनी तक्त्यातली जागा घेतली जाते, शून्य असेल तर विंडोजची. शून्यवालेच पाठ करा. दोन टिंबांचा ए ०२२८, ओ ०२४६, यू ०२५२. जर्मन दुहेरी एस (ß) ०२२३. फ्रेंच शेपटीचा सी ०२३१. स्पॅनिश लाटेचा एन ०२४१.

---

उमलाउट_कोथरूड

मी जर्मन शिकवते. आकडे पाठ करायची मुळीच गरज नाही हो! नवीन विद्यार्थ्यांना मी पहिल्याच आठवड्यात हे करून घ्यायला लावते.

विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये इंग्रजीखाली ‘युनायटेड स्टेट्स – इंटरनॅशनल’ हा कळफलक जोडा. मग दुहेरी अवतरणाची कळ दाबून यू दाबला की टिंबवाला यू. एकेरी अवतरण आणि मग ई, की तिरक्या रेघेचा ई. लाटेचं चिन्ह आणि एन, की स्पॅनिश एन. दुहेरी एससाठी उजवा ऑल्ट आणि एस. उजव्या ऑल्टसोबत क्यू, पी, वाय दाबले तर टिंबवाले ए, ओ, यू थेटच येतात.

रोज जर्मनच लिहायचं असेल तर सरळ जर्मन कळफलक घ्या. त्यात टिंबवाला यू पी च्या शेजारी, ओ एल च्या शेजारी, ए त्याच्या पुढे आणि दुहेरी एस शून्याच्या शेजारी. फक्त वाय आणि झेड यांची अदलाबदल झालेली असते, ती सुरुवातीला छळते. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबला की कळफलक बदलतो, त्यामुळे मराठी, इंग्रजी, जर्मन तिन्ही ठेवायला काही हरकत नाही.

आणि टिंबं देणं अगदीच अशक्य असेल तर जर्मन लोक स्वतः टिंबवाल्या स्वराऐवजी तो स्वर आणि पुढे ई असं लिहितात. दुहेरी एसला दोन एस. ईमेलच्या पत्त्यांत हे सर्रास दिसतं. पण टिंब गाळून नुसता स्वर लिहिणं ही चूक आहे. आपल्याकडे ‘दऱ्या’ लिहायचं तिथे ‘दर्या’ लिहिलं तर डोंगरातून थेट समुद्रात पडतो, तितकाच तिथेही अर्थ बदलतो.

ताई, तुम्ही ५.१ या आवृत्तीचा उल्लेख केलात म्हणून सांगते. जर्मन दुहेरी एसचं मोठं, म्हणजे कॅपिटल रूपही युनिकोडमध्ये त्याच २००८ च्या आवृत्तीत आलं! जर्मन शुद्धलेखनाच्या अधिकृत नियमांत त्याला जागा मिळाली ती २०१७ मध्ये. आपला ॲ आणि त्यांचा मोठा एस एकाच खेपेला आले, हे मला फार आवडतं.

---

पुणे_तीस

मनःपूर्वक आभार! इंटरनॅशनल कळफलक जोडला. एक अडचण: इंग्रजी लिहिताना अवतरणचिन्ह लगेच उमटत नाही, पुढच्या अक्षराची वाट बघत बसतं.

---

उमलाउट_कोथरूड

हो, कारण त्या कळफलकात ती कळ ‘थांबून राहणारी’ असते. अवतरणानंतर एकदा स्पेस दाबा, नुसतं अवतरण उमटतं. इंग्रजी मजकूर जास्त असेल तेव्हा साध्या कळफलकावर परत या.

---

शोधनिबंध_डेक्कन

रोमन संस्कृतबद्दल मी सांगतो, माझं रोजचं काम तेच आहे. पुण्यात भांडारकर संस्था आणि डेक्कन कॉलेजचा संस्कृत कोश असल्यामुळे या अक्षरांची गरज इथे खूप जणांना पडते. तरीही चांगले अभ्यासक लेखाच्या मसुद्यात कॅपिटल अक्षरं वापरून वेळ मारून नेतात आणि नंतर कुणीतरी ती हाताने बदलत बसतं.

विंडोजवर ‘इंग्लिश (इंडिया)’ हा कळफलक निवडा. उजवा ऑल्ट आणि ए म्हणजे आडव्या रेघेचा दीर्घ ए. तसेच आय आणि यू. उजव्या ऑल्टसोबत टी, डी, एन दाबले की खाली टिंब येतं, म्हणजे ट, ड, ण झाले. एस ने तालव्य श आणि एक्स ने मूर्धन्य ष. बाहेरून काहीही उतरवून घ्यावं लागत नाही, सगळं विंडोजमध्येच असतं. इतकी सोय आपल्या देशाच्या नावाच्या कळफलकात आहे आणि बहुतेक संगणकांवर अमेरिकन कळफलकच चालू असतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मॅकवर ‘एबीसी एक्स्टेंडेड’ घ्या. ऑप्शन-ए दाबून मग स्वर दाबला की आडवी रेघ, ऑप्शन-एक्स नंतर व्यंजन दाबलं की खाली टिंब, ऑप्शन-ई ने तिरकी रेघ, ऑप्शन-डब्ल्यू ने वरचं टिंब.

आता एक बारकावा, आणि हा तुमच्या पुस्तकात नक्की येणार. संस्कृतसाठी जगभर चालणारी जी पद्धत आहे तिचा पाया १८९४ च्या जिनीव्हाच्या प्राच्यविद्या परिषदेत घातला गेला. तिच्यात खाली टिंब दिलेला एल म्हणजे ऌ हा स्वर. पण मराठी नावांत आपल्याला ळ हवा असतो! २००१ च्या आयएसओ १५९१९ या मानकाने हे सोडवलं: टिंबाचा एल म्हणजे ळ, आणि ऌ साठी एल खाली छोटं वर्तुळ. ऋ लाही टिंबाऐवजी वर्तुळ. पुस्तकात संस्कृत वचनं आणि मराठी नावं दोन्ही रोमनमध्ये असतील तर आयएसओ पद्धत धरा, आणि सुरुवातीलाच लेखकाशी बोलून ठरवा. अर्ध्यावर बदलणं म्हणजे पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

तुम्ही ऱ्य बद्दल जे लिहिलंत ते इथेही तसंच्या तसं लागू आहे. आडव्या रेघेचा ए एक अखंड अक्षर म्हणून असतो, किंवा साधा ए आणि त्यावर वेगळी चढवलेली रेघ असा असतो. फरक इतकाच की या दोन्ही रूपांना युनिकोड समान मानतं, त्यामुळे चांगला प्रोग्रॅम ती एकमेकांत बदलून घेऊ शकतो. टिंबवाला ऱ आणि ‘र अधिक नुक्ता (म्हणजे खालचं टिंब)’ यांचंही तसंच. पण ॲ आणि ‘अ अधिक चंद्र’ यांना युनिकोड समान मानत नाही. तिथे कुठलाही प्रोग्रॅम आपोआप मदत करणार नाही, स्वतःच बदलावं लागेल.

फॉन्टसाठी जेंटियम किंवा नोटो वापरा. फॉन्टमध्ये अक्षर नसलं की संगणक दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतो आणि एकाच शब्दात दोन जाडीची अक्षरं दिसतात. छपाईत ते फार वाईट दिसतं.

---

लिनक्स_वारजे

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. सेटिंगमध्ये ‘कंपोझ’ कळ ठरवून घ्या, उजवा कंट्रोल बरा पडतो. मग कंपोझ, दुहेरी अवतरण, यू असं एकामागोमाग दाबा. क्रमांक माहीत असेल तर बहुतेक ठिकाणी कंट्रोल-शिफ्ट-यू, क्रमांक आणि एंटर. ॲ साठीही चालतं.

---

वाचक_मगरपट्टा

सगळं वाचलं. मान्य आहे की माहिती उपयोगी आहे, पण एक प्रामाणिक शंका. छापील पुस्तकात दोन्ही ऱ्य सारखेच दिसणार असतील तर एवढा खटाटोप कशाला? वाचकाला आत काय आहे ते कधी कळणार आहे?

---

पुणे_तीस

शंका रास्त आहे. फक्त कागदापुरतं बघितलं तर खटाटोप कमी करता येईल. पण तीच फाईल उद्या ई-पुस्तक होते. वाचक त्यात ‘ॲडव्होकेट’ शोधतो, त्याच्या फोनवरून अखंड ॲ जातो, पुस्तकात अ वर चंद्र आहे, आणि उत्तर येतं ‘सापडलं नाही’. वाचक समजतो की पुस्तकात उल्लेखच नाही. संदर्भग्रंथाच्या बाबतीत हे फार मोठं नुकसान आहे. ग्रंथालयाच्या यादीत पुस्तकाचं नाव असं अडकलं तर कपाटात पुस्तक असूनही मागणाऱ्याला ते मिळत नाही.

आणि वर्णक्रम! कोडच्या क्रमाने यादी लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अखंड ॲ चे शब्द ह च्याही मागे जातात, कारण ॲ नंतर आला आणि त्याला शेवटी उरलेली जागा मिळाली. अ वर चंद्र चढवलेले शब्द मात्र अ मध्येच राहतात. एकाच सूचीत ‘ॲ’ ची नावं दोन टोकांना. म्हणून दोनांपैकी कुठलंही रूप घ्या, पण पुस्तकभर एकच घ्या, आणि सूची लावल्यावर ॲ ची नावं हाताने योग्य जागी आणा. आपल्या भाषेतला मजकूर शोधता आला पाहिजे यासाठी एवढं करणं मला अजिबात जास्त वाटत नाही.

---

वाचक_मगरपट्टा

वर्णक्रमाचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. पटलं.

---

आजोबा_सहकारनगर

आमच्या सोसायटीचे हिशेब मी संगणकावर लिहितो. कीबोर्डवर चारच्या कळेवर रुपयाचं चिन्ह छापलेलं आहे, पण काही केल्या उमटत नाही. कीबोर्ड बदलून आणावा का?

---

शोधनिबंध_डेक्कन

काका, कीबोर्ड उत्तम आहे, बदलू नका. वर सांगितलेला ‘इंग्लिश (इंडिया)’ कळफलक निवडा, मग उजवा ऑल्ट आणि ४ एकत्र दाबा, ₹ येईल. कळेवर काय छापलंय याचा संगणकाला पत्ता नसतो, तो निवडलेल्या कळफलकाप्रमाणे चालतो. हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० ला स्वीकारलं आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं. चौकोन दिसला तर फॉन्ट बदलून बघा.

---

आजोबा_सहकारनगर

उमटलं! आता सगळ्या पावत्यांवर ‘रु.’ च्या जागी हेच लिहिणार. धन्यवाद.

---

डीटीपी_अप्पा_बळवंत

ताई, सरसकट बदल करणार असाल तर एक सांगतो. अदृश्य जोडचिन्हवाला र्‍ मजकुरातूनच उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा आणि बदलाच्या चौकटीत ऱ् ठेवा. हे बिनधास्त करता येतं, कारण मराठीत र आणि हलन्तापुढे ते जोडचिन्ह आडव्या र साठीच येतं. पण रफाराच्या र्य ला सरसकट हात लावू नका. ‘आचार्यांना’ बोलावलं होतं तिथे ‘आचाऱ्यांना’ जेवणाची ऑर्डर जाईल. सूर्य, कार्य, मर्यादा, पर्याय यांत रफारच हवा. ह च्या बाबतीतही तेच: ‘अर्हता’ ला रफार, ‘तऱ्हा’ ला आडवा र. हे शब्दागणिक डोळ्यांनीच बघायचं.

---

पुणे_तीस

सगळी प्रकरणं तशीच नीट करून घेतली, शोध आता सगळीकडे लागतोय. जर्मन आडनावं मूळ कागदाशी ताडायचं काम चालू आहे. रूपांतर केलेल्या प्रकरणात खरोखरच दोन नावांत मराठी जोडाक्षर घुसलेलं सापडलं.

---

नवलेखिका_औंध

याच धाग्यात विचारते. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि मराठी श टाईप करायला वेगळी कळ आहे का? माझ्या लॅपटॉपवर दोन्ही हिंदी वळणाचे दिसतात.

---

डीटीपी_अप्पा_बळवंत

वेगळी कळ नाही आणि वेगळा क्रमांकही नाही. अक्षर तेच, वळण फॉन्ट ठरवतो. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी ही वळणं प्रमाण ठरवून दिली आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की मराठी वळण दिसतं. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून भाषा हिंदी आहे का ते आधी बघा. ती मराठी करूनही ल बदलला नाही, तर फॉन्टमध्ये ते वळण नाही असं समजा आणि मराठी वळणाचा फॉन्ट घ्या. मजकूर पुन्हा टाईप करावा लागत नाही.